चेंडू चुकला, आणि एक नाव राहिलं

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या क्रीडा पानावर अगदी तळाशी एक चौकट होती. अमेरिकेतले जुने कॉलेज फुटबॉल प्रशिक्षक अमोस अलोंझो स्टॅग यांच्यावर दहा-बारा ओळी, आणि शेजारी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा गोल चेंडू. मजकुरात एक चूक आहे, एक वाक्य अर्धवट आहे, आणि चित्र तर मुळातच चुकलंय. पत्र लांबलंय हे मला कळतं. कापायचं तर खुशाल कापा, पण स्टेलाबाईंचं नाव तेवढं कापू नका. त्या कोण ते पुढे येतंच.

आधी मी कोण ते सांगते. वय ७५. एका कॉलेजच्या ग्रंथालयात ३६ वर्षं काम करून निवृत्त झाले. माझे यजमान दुसऱ्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवायचे आणि फुटबॉलचा संघ बघायचे. सगळं परळ त्यांना सर म्हणायचं. मीही चारचौघांत सरच म्हणत आले, इथेही तसंच लिहिते. सर मूळचे कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले. तिथे पेठापेठांत फुटबॉलवरून जेवढं वैर धरतात तेवढं भाऊबंदकीतही कुणी धरत नसेल. मुंबईला आले ते कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचा कोर्स करायला, आणि इथलेच झाले.

स्टॅगचं नाव मी पहिल्यांदा सरांच्या कांदिवलीच्या वहीत वाचलं. बास्केटबॉलच्या इतिहासाचं टिपण होतं. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड नावाच्या गावी वाय.एम.सी.ए.चं प्रशिक्षण विद्यालय होतं, तिथे १८९१ मध्ये नेस्मिथ मास्तरांनी हा खेळ काढला. ११ मार्च १८९२ ला लोकांसमोर पहिला सामना झाला, मास्तर विरुद्ध विद्यार्थी. मास्तर ५-१ असे हरले आणि त्यांचा तो एकुलता एक गुण स्टॅगचा. त्याच स्प्रिंगफील्डचे हॅरी बक नंतर मद्रासला आले आणि १९२० मध्ये त्यांनी तिथे शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. आपल्याकडच्या कितीतरी पी.टी. मास्तरांची गुरुपरंपरा शोधत गेलं तर त्या गावापाशी पोचते. संघ मोठ्या फरकानं हरला की सर हटकून हा ५-१ चा किस्सा सांगायचे. मुलांना तो पाठ झाला होता. चौथा गोल खाल्ला की कुणीतरी म्हणायचंच, ‘सर, आज स्टॅग का?’

आता चेंडू. स्टॅगचं फुटबॉल म्हणजे आपलं फुटबॉल नाही. आपल्या खेळाला ते लोक सॉकर म्हणतात. त्यांचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि तो हातात धरून पळायचं असतं. कबड्डी बघितलेल्या माणसाला हा खेळ समजावून सांगणं अवघड नाही. चढाई करणाऱ्याला जसे सातही जण मिळून आवळतात तसं इथे चेंडू घेऊन पळणाऱ्याला समोरचे अकरा जण पाडतात. पडला की तिथेच थांबायचं, पुन्हा रांगा लावायच्या, पुन्हा धडक. स्टॅग शिकवायला लागले तेव्हा तीन धडकांत पाच यार्ड पुढे सरकावं लागे, नाहीतर चेंडू समोरच्यांना. पाच यार्ड म्हणजे पंधरा फूट, आमच्या चाळीतली दीड खोली. दीड खोलीसाठी बावीस धटिंगण एकमेकांच्या अंगावर पडायचे, आणि डोक्यावर धड टोपीसुद्धा नसायची.

त्यांची कर्तबगारी तुम्ही दिलीच आहे, ३१४ विजय वगैरे. तो आकडा १९८१ पर्यंत कुणाला ओलांडता आला नव्हता. माझं लक्ष मात्र त्याच्या आधीच्या गोष्टींकडे जातं. जन्म १८६२ चा, न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजचा. वडील चांभारकाम करायचे. पोरगा शिकायला येल विद्यापीठात गेला खरा, पण पोटाला चिमटा घेऊन. थंडीत शेकोटी नसलेल्या माळ्यावर राहायचा, स्वस्तातली कोरडी बिस्किटं खायचा आणि शेवटी अशक्तपणानं आजारी पडला. बेसबॉलमध्ये चेंडूफेक इतकी चांगली की व्यावसायिक संघ पैसे घेऊन मागे लागले. यानं नाही म्हटलं, कारण धर्मोपदेशक व्हायचं होतं. मग लक्षात आलं की लोकांसमोर उभं राहिलं की आपल्याला नीट बोलताच येत नाही. धर्मोपदेशकाला बोलता येत नसेल तर कसं व्हायचं? म्हणून हा माणूस मैदानाकडे वळला. सरांचंही तसंच. लग्नाच्या बोलणीत माझ्या वडिलांनी विचारलेल्या पाच प्रश्नांपैकी चारांना त्यांनी नुसती मान हलवली होती. आणि मैदानावर गेले की परळहून लालबागपर्यंत आवाज.

तुमच्या चौकटीत ‘शिकागो विद्यापीठाने त्यांना प्रशिक्षक नेमले’ एवढंच आहे. त्या नेमणुकीतली खरी गोष्ट वेगळी आहे. येलला ज्यांच्या हाताखाली स्टॅग बायबल शिकले ते विल्यम रेनी हार्पर नव्या शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. १८९२ मध्ये विद्यापीठ उघडलं तेव्हा त्यांनी स्टॅगना वर्षाला २,५०० डॉलर आणि सहयोगी प्राध्यापकाची कायमची जागा दिली. खेळ शिकवणाऱ्याला ग्रीक आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांच्या रांगेत बसवलं, आणि तेही आजन्म. तोवर तिथल्या कॉलेजांत असं कुणी केलं नव्हतं. पहिल्या हंगामात खेळायला पुरेशी मुलं नव्हती म्हणून हे प्राध्यापक स्वतःच संघातून खेळले.

सरांना कायमचा कागद मिळायला नऊ वर्षं लागली. दर एप्रिलात हातात ‘ब्रेक’चं पत्र आणि जूनच्या अखेरीस नवी ऑर्डर. मधल्या दोन महिन्यांचं घर माझ्या पगारावर. पण जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडून मैदान मिळवायला, मुलांचे अर्ज भरायला आणि दुखावलेल्या गुडघ्यांना केईएममध्ये न्यायला त्या दोन महिन्यांतही सरच लागत. हल्ली तासावर पैसे देतात असं ऐकते. एक सामना दीड तासाचा, आणि त्याच्या मागचे चाळीस तास कुठल्या तक्त्यात बसतात ते मला कुणी दाखवलेलं नाही. यावर जास्त लिहीत नाही. तुमच्या पानावर असली पत्रं दर महिन्याला येतातच.

आता ते अर्धवट वाक्य. ‘त्यांना पत्नीची मोलाची साथ लाभली.’ मराठी वर्तमानपत्रांत हे वाक्य मी पन्नास वर्षं वाचतेय, निधनवार्तेपासून पद्म पुरस्कारापर्यंत. त्या बाईंना नाव होतं. स्टेला रॉबर्टसन. त्याच विद्यापीठात शिकत होत्या. १८९४ मध्ये लग्न झालं, पुढे दोन मुलगे आणि एक मुलगी. दोन्ही मुलगे वडिलांसारखेच प्रशिक्षक झाले. स्टेलाबाई सामना सुरू झाला की कागद-पेन्सिल घेऊन बसायच्या आणि कोणती चाल कुठून सुटली, किती यार्ड गेली, कुणी अडवली ते टिपायच्या. पुढच्या प्रतिस्पर्ध्यांचा खेळ आधी जाऊन बघून यायच्या. मुलांचे फाटके कपडे शिवायच्या. हे मी पहिल्यांदा न्यू मरीन लाइन्सला अमेरिकन सेंटरचं ग्रंथालय होतं तिथे उभ्या उभ्या वाचलं. शेजारच्या बाकावर सर पेपर चाळत होते. मी त्यांना कोपरानं ढोसलं आणि ते पान दाखवलं. त्यांनी वाचलं आणि एवढंच म्हणाले, ‘बघ, पगार तिलाही नव्हता.’

कारण माझंही तेच चाललं होतं. लग्न ७४ सालचं. पहिलं वर्ष मी नुसती सामने बघायला जायची. एल्फिन्स्टन रोडहून चर्चगेट, मग क्रॉस मैदान नाहीतर आझाद मैदान, एखाद्या वर्षी नशीब असेल तर कूपरेज. कडेला उभ्या असलेल्या गर्दीत बाई मी एकटी. ‘तुमचा मुलगा कोणता?’ असं लोक विचारायचे, तेव्हा मी पंचविशीची होते! दुसऱ्या वर्षी सर म्हणाले, नुसती बघतेस तर लिही. ग्रंथालयात रद्द झालेली कॅटलॉग कार्डं पडून होती. पुढच्या बाजूला काट मारलेलं पुस्तकाचं नाव, मागची बाजू कोरी. ग्रंथपालांना विचारून गठ्ठा आणला. एका खेळाडूचं एक कार्ड. पास बरोबर गेला की गोळा, चुकला की फुली, चेंडू हिसकावला की बाण, आणि पंचांशी हुज्जत घातली की तिरपी रेघ. एक आक्रमक होता, हुशार पोरगा, पण पहिल्या अर्ध्या तासानंतर त्याच्या कार्डावर गोळे संपायचे आणि फुल्याच फुल्या. सर म्हणायचे दमसास कमी. चार कार्डं शेजारी शेजारी लावली तेव्हा मला दिसलं की फुल्या फक्त शनिवारच्या सामन्यांत आहेत. विचारलं तर कळलं की घरी आई आजारी, शनिवारचे डबे हाच पोचवतो, सकाळी अकरापर्यंत सायकल मारून मग सामन्याला. त्याचा शनिवारचा डबा आमच्या घरून जायला लागला आणि डबे पोचवायला त्याचा धाकटा भाऊ. हंगाम संपला की ही कार्डं उतरवून मी वही करायची. एका हंगामाची एक वही. १९७५ पासून २००२ पर्यंत २८ वह्या.

जर्सीचं सांगायलाच हवं. आंतरमहाविद्यालयीन सामने पावसाळ्यात. सोळा जर्सी, सोळा चड्ड्या, बत्तीस मोजे, सगळं क्रॉस मैदानाच्या चिखलात बुडवून काढलेलं. धोब्याला परवडत नव्हतं आणि धोबी तयारही नव्हता. चाळीच्या सामाईक नळावर रात्री साडेदहानंतर मी आणि सर, एक आपटतोय एक पिळतोय. सकाळी गॅलरीच्या कठड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जर्सी. शेजारच्या काकू चिखलावरून निकाल ओळखायच्या. गोलकीपरची जर्सी स्वच्छ असेल तर आपण जिंकलो, काळीकुट्ट असेल तर काही बोलायचं नाही. जिंकलो की मुलांना तांबडा रस्सा, हरलो की पिठलं-भाकरी. एका वर्षी इतकं पिठलं झालं की वाण्यानं विचारलं, ‘वहिनी, भज्यांची गाडी टाकलीत काय?’

खेळाडूंच्या पाठीवर आकडे लावायला सुरुवात करणाऱ्यांत स्टॅग होते असं म्हणतात. आकडे शिवायचं काम कुणाकडे होतं ते कुठे लिहिलेलं नाही. आमच्याकडे ते माझ्याकडे होतं. मांजरपाटाचे आकडे कापायचे, टीप मारायची. एका वर्षी घाईत सहाचा आकडा उलटा शिवला आणि दोन नऊ मैदानात उतरले. पंचांनी सामना दहा मिनिटं थांबवला. शेवटी मी कडेला बसून सुईदोऱ्यानं तो उसवला, मुलगा उघडा उभा आणि पाऊस धो धो.

आणि गादी. स्टॅगनी येलला असताना १८८९ मध्ये एक जुनी गादी गुंडाळून टांगली आणि मुलांना तिच्यावर धडका मारायला लावलं. पाडण्याचा सराव माणसावर करून हाडं मोडण्यापेक्षा गादी बरी. पुढे तो बाहुला सगळ्या कॉलेजांत गेला. हे सरांनी कुठेतरी वाचलं आणि गोलकीपरला सूर मारायला शिकवण्यासाठी आमच्या पलंगावरची गादी मैदानावर नेली. मला विचारलं नाही. मी रात्री कामावरून आले तर पलंगावर नुसत्या फळ्या. चार दिवसांनी गादी परत आली ती ओली, आणि त्यातला कापूस सगळा एका कोपऱ्यात. पिंजाऱ्यानं ती हातातसुद्धा घेतली नाही. संसारातलं आमचं सगळ्यात मोठं भांडण त्या गादीवरून झालं. तो गोलकीपर मात्र तरबेज निघाला. त्याचा विषय शेवटी येणार आहे.

स्टॅग सिगारेट-दारूला शिवले नाहीत, शिवीही देत नसत. फार रागावले तर ‘गाढव’. त्याहून रागावले तर ‘दुप्पट गाढव’. सरांनी हे व्रत घ्यायचं ठरवलं होतं. शिवाजी पेठेतल्या माणसानं! पहिल्या सामन्याच्या पंधराव्या मिनिटाला ते मोडलं. मी तेही वहीत लिहून ठेवलंय.

चौकटीत १९०५ च्या सामन्याचा उल्लेख आहे. ३० नोव्हेंबरला शिकागोनं मिशिगनला २-० असं हरवलं. मिशिगनचा संघ त्याआधी ५६ सामन्यांत एकदाही हरला नव्हता. ते दोन गुण कसे आले तेही सांगायला हवं. डेनी क्लार्क नावाचा मिशिगनचा मुलगा चेंडू घेऊन स्वतःच्याच गोलरेषेमागे पकडला गेला, त्याचे ते दोन. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी पराभवाचं खापर त्या एका मुलावर फोडलं. १९३२ मध्ये त्यानं आत्महत्या केली आणि तेव्हाच्या बातम्यांत पुन्हा तोच सामना आला. सत्तावीस वर्षांनी! शिकागोच्या विजयाची ओळ वाचताना मला नेहमी तो मुलगा दिसतो. आमच्याकडे उपांत्य सामन्यात एकानं पेनल्टी बाहेर मारली. सरांनी त्याला घरी आणला, कुणी सामन्याचं नावही काढलं नाही, आमच्या मुलीनं त्याच्याकडून गणितं सोडवून घेतली. दुसऱ्या दिवशी पेपरात निकाल एका ओळीत आला, कुणाचं नाव नाही. तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, बरं झालं.

त्याच १९०५ च्या हंगामात तिकडे या खेळात १८-१९ मुलं मेली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या विद्यापीठांच्या लोकांना बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी नियम बदलले. चेंडू हातानं पुढे फेकायला परवानगी मिळाली, पाच यार्डांचे दहा झाले. म्हणजे रेटारेटी कमी आणि मोकळं मैदान जास्त. स्टॅग त्या नियम समितीवर होते.

माणूस देव नव्हता, हेही लिहिते, नाहीतर माझंही पत्र तुमच्या चौकटीसारखंच व्हायचं. शिकागोत फुटबॉल हा तमाशा आणि धंदा झाला तो त्यांच्याच काळात. त्यांचे काही गाजलेले खेळाडू वर्गात कमी आणि मैदानावर जास्त दिसत. १९२४ नंतर त्यांना विभागीय विजेतेपद मिळालं नाही, शेवटच्या वर्षांत हारच जास्त. कायमची जागा होती म्हणून टिकले असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. आणि त्यांच्यानंतर सात वर्षांत, १९३९ मध्ये, विद्यापीठाचे अध्यक्ष हचिन्स यांनी फुटबॉल संघच बंद केला. विद्यापीठ ते विद्यापीठच राहिलं, काही बुडालं नाही. सरांना हे मान्य नव्हतं. ‘मैदान बंद करून अभ्यास वाढतो होय?’ म्हणायचे. मी ग्रंथालयवाली, मी गप्प बसायचे.

तुमची चूक पुढे आहे. शिकागोनं १९३२ च्या हंगामानंतर वयाच्या नियमानं त्यांना निवृत्त केलं, सत्तर पुरे झाले होते. हे बरोबर. घरी न बसता कॅलिफोर्नियात स्टॉकटनला गेले आणि कॉलेज ऑफ पॅसिफिकच्या संघाला १९४६ पर्यंत शिकवलं, हेही बरोबर. १९४३ मध्ये, ८१ व्या वर्षी, ते देशातले वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. मग १९४७ पासून देशाच्या दुसऱ्या टोकाला, पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहॅना नावाच्या लहान विद्यापीठात थोरल्या मुलाच्या जोडीनं काम. तिथून ‘१९५२ मध्ये वयोमानामुळे थांबले’ असं तुम्ही म्हणता. वयोमानामुळे नाही. स्टेलाबाईंची तब्येत बिघडली, त्यांना स्टॉकटनहून एवढ्या लांब नेणं जमेना, म्हणून नव्वदीचा हा माणूस बायकोजवळ राहिला. आणि राहून काय केलं, तर गावातल्याच छोट्या कॉलेजच्या मुलांना लाथेनं चेंडू मारायला शिकवत बसला, पार पंच्याण्णवी उलटेपर्यंत. स्टेलाबाई १९६४ मध्ये गेल्या. स्टॅग मार्च १९६५ मध्ये, १०२ वर्षांचे होऊन. मध्ये आठ महिने. तुमच्याकडे जागा नसेल हे मी समजू शकते, पण ‘वयोमान’ आणि ‘बायको आजारी’ या दोन्हींना सारखीच जागा लागते.

सर २००३ ला साठीला निवृत्त झाले. नंतर सकाळी गल्लीतल्या पोरांना घेऊन नायगावच्या मैदानावर जायचे. गुडघे गेले तेव्हा खुर्ची टाकून बसायचे. ‘भारतात प्रशिक्षक एकच,’ असं ते हैदराबादच्या रहीम साहेबांबद्दल म्हणायचे. सय्यद अब्दुल रहीम हेही पेशानं शिक्षक. त्यांनी शिकवलेल्या भारतीय संघानं १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला, तिथे ऑस्ट्रेलियावर तीन गोल मारणारा नेव्हिल डिसूझा आपल्या मुंबईचा. १९६२ ला जकार्तात आशियाई सुवर्णपदक, आणि दुसऱ्या वर्षी जूनमध्ये रहीम साहेब कर्करोगानं गेले. तुमच्या चौकटीला पुढचा माणूस हवा असेल तर हा घ्या. गोल चेंडूचं चित्र तिथे चालेल.

सर २०२१ मध्ये गेले. त्यानंतर वह्यांचा प्रश्न आला. चाळ पुनर्विकासात गेली, सध्या भाड्याच्या खोलीत आहे, ट्रंक ठेवायला पलंगाखाली तेवढी जागा. सरांच्या कॉलेजला विचारलं. तिथले सभ्य गृहस्थ म्हणाले, ‘आजी, जागा नाही, आणि हे आम्ही कुठल्या विषयात लावायचं?’ विषयाचा नंबर मी लगेच सांगितला, ७९६, ग्रंथालयात खेळांच्या पुस्तकांना लागतो तो. तो माझा धंदाच होता. पण जागेला नंबर लावून जागा मिळत नाही.

शिकागोचं ते मैदान आज नाही. व्यापारी मार्शल फील्ड यांनी दिलेली ती जमीन, आधी त्यांच्या आणि पुढे स्टॅग यांच्या नावानं ओळखली गेली. संघ बंद पडल्यावर पश्चिमेकडच्या प्रेक्षागाराखाली, रॅकेट खेळायच्या एका कोर्टात, शास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि त्यांच्या माणसांनी ग्रॅफाइटच्या विटा रचून २ डिसेंबर १९४२ ला जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. त्या वेळी स्टॅग दूर स्टॉकटनला मुलांना पळवत होते. आमच्या संघातला एक हाफबॅक पुढे ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात लागला. त्याला सरांनी हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘म्हणजे सर, आमचं खातं तुमच्या मैदानातून निघालं.’ १९५७ मध्ये ते प्रेक्षागार पाडलं, आणि नंतर त्या जागेवर विद्यापीठाचं मोठं रेगेनस्टाइन ग्रंथालय उभं राहिलं, १९७० मध्ये उघडलं. मैदान गेल्याचं वाचून सर हळहळले. मी मात्र त्या ग्रंथालयात काय आहे ते शोधत राहिले. स्टॅग यांचे कागदपत्र विद्यापीठानं टाकले नाहीत. खोक्यांत घालून, यादी करून त्याच ग्रंथालयात ठेवलेत. ज्या जमिनीवर ते चाळीस वर्षं उभे राहिले तिथेच त्यांची टिपणं कपाटात आहेत. हे सरांना सांगितलं तेव्हा ते आजारी होते. बराच वेळ वर बघत होते. मग म्हणाले, ‘तुझ्या बाजूनं गोल झाला.’

आमच्या वह्यांना मी कोऱ्या रजिस्टरमध्ये दाखल नंबर दिले आहेत, १ ते २८. प्रत्येकीत डांबराची गोळी आणि कडुलिंबाचा पाला, वर प्लास्टिक. मुंबईतलं एखादं ग्रंथालय घेणार असेल तर रजिस्टरसकट देईन, काही मागणार नाही. फक्त आतून पेन्सिलीनं लिहिलेल्या रेघा खोडू नका, त्या पंचांशी हुज्जत घातलेल्या आहेत.

ट्रंकेत २७ वह्या आहेत. नंबर १९, हंगाम १९९३, त्या गोलकीपरकडे आहे, ज्याच्यापायी आमची गादी गेली. आपले वाचवलेले गोल मोजायचे आहेत म्हणून घेऊन गेला, परत आला नाही. त्याची आई तुमचा पेपर घ्यायची, अजूनही घेत असेल. बाळा, हे वाचलंस तर वही आणून दे. पत्ता बदललाय, संपादकांकडे आहे. उशिराचा दंड माफ.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
परळ, मुंबई